उभं राहून वल्हवायचंय? निघण्याआधी एवढं बघा

स्टँड-अप पॅडलबोर्डिंग, म्हणजे रुंद फळीवर (बोर्डावर) उभं राहून वल्हवणं. त्यासाठी बोर्ड कुठला घेऊ, हे सगळे आधी विचारतात. सुरुवात परवानगीपासून करा. कोल्हापुरात रंकाळा तलाव महापालिकेचा, कळंबा तलावाचं पाणी प्यायला जातं. फळी पाण्यात टाकण्याआधी रीतसर विचारलेलं बरं. होकार मिळाला तरी काठावर जाऊन पाणी बघून या. जलपर्णी पसरली असेल किंवा वर हिरवा तवंग आला असेल, तर दुसरा दिवस धरा. शिकताना पडणं ठरलेलंच, आणि ते पाणी नाकातोंडात जातं.

मग वारा. सकाळी, उन्हं चढायच्या आत जा. फोनवर वाऱ्याचा वेग ताशी 15 किलोमीटरच्या वर दिसला तर नवख्यानं काठावरनं चक्कर मारून घरी यावं, कारण बोर्डावर उभा माणूस म्हणजे शीडच. जाताना वाऱ्याच्या तोंडावर जायचं, म्हणजे दमल्यावर तोच माघारी आणून सोडतो. एप्रिल-मेमध्ये दुपारचा वळीव सांगून येत नाही; गडगडलं की लगेच बाहेर. पावसाळ्यात पंचगंगेचं नावच काढू नका. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडले की भोगावतीचं पाणी खाली पंचगंगेत येतं. राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी 39 फुटांना लागते, नवख्यासाठी नदी त्याच्या कितीतरी आधी बंद.

लाईफ जॅकेट हवंच. ‘मी विहिरीत डबा बांधून शिकलोय, मला कशाला?’ म्हणणारा प्रत्येक ग्रुपमध्ये एक असतोच. घाल म्हणावं गप. बोर्ड डोक्यात बसला तर पोहणं कामाला येत नाही. लीश, म्हणजे बोर्डाला जोडलेली दोरी, घोट्याला बांधा, कारण तुम्ही पडल्यावर रिकामा बोर्ड वाऱ्यानं असा पळतो की पोहून गाठता येत नाही.

बोर्ड शक्यतो भाड्यानं किंवा मित्राचा. हवेचा, साडेदहा फुटांच्या आसपास लांब आणि 32 ते 34 इंच रुंद असला की पुरे. खरी परीक्षा पंपाची. बराच वेळ काटा शून्यावरच बसलेला असतो, हात भरून येतात आणि बोर्ड दाबून बघितला तर घट्ट लागतो. तिथं थांबू नका. बोर्डावर लिहिलेला आकडा, बहुतेक 12 ते 15 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप), गाठा. नाहीतर मधोमध वाकतो आणि तोल काही सापडत नाही. व्हॉल्व्हची मधली पिन वर आलेली असेल तरच नळी काढा. खाली दबलेली राहिली तर सगळी हवा फुस्स, आणि बघे तर असतातच. बोर्डाच्या खालचा फिन (पंखासारखी पट्टी) लावलाय ना, तेही बघा.

वल्हं तुमच्या उंचीपेक्षा वीतभर जास्त, आणि पात्याचा वाक पुढच्या बाजूला. बरेचजण उलटंच धरतात.

टोपी, पाण्याची बाटली, फोनला वॉटरप्रूफ पाऊच, चष्म्याला दोरी. मिसळ आल्यावर.

आधी गुडघ्यांवर बसून वल्हवा. उठताना पाय खांद्याएवढे फाकवून, गुडघे सैल, नजर समोरच्या काठावर. पायाकडं बघितलं की गेलात. पडायचंच तर बोर्डापासून लांब, सपाट पडा. तळ किती खोल ते माहीत नसतं.

घरी आल्यावर बोर्ड धुऊन सावलीत वाळवा, मगच गुंडाळा. हवा भरलेला उन्हात किंवा बंद गाडीत ठेवू नका, आतला दाब वाढून शिवण सुटते.