एआयवर शॉर्टफिल्म करताय? या चुका टाळा

१२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं तेव्हा आमची आजी पंधरा वर्षांची होती, पुण्यात शनिवार पेठेत राहायची. तिची आठवण पडद्यावर आणायची तर पेठेत पूर कुठून आणणार? एआयमुळे ते घरबसल्या जमलं. पण पहिला महिना चुका करण्यातच गेला.

मोठी चूक म्हणजे अख्खा प्रसंग एकाच प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे एआयला दिलेल्या एकाच लेखी सूचनेत मागणं. ‘पाणी शिरतं, मुलगी जिना चढते, वळते, रडते’ असं लिहिलं की यातलं एकही धड होत नाही. व्हिओ ३ या गूगलच्या व्हिडिओ बनवणाऱ्या एआय मॉडेलची क्लिप आठ सेकंदांची, सेकंदाला २४ फ्रेम धरल्या तर १९२ फ्रेम. तेवढ्यात एकच क्रिया नीट बसते. आधी शॉटलिस्ट, म्हणजे एकेका शॉटची यादी लिहा.

दर शॉटला मुलगी बदलतेय? मॉडेलला मागची क्लिप आठवत नसते. एक चित्र पक्कं करा, तेच रेफरन्स म्हणून प्रत्येक वेळी द्या आणि परकर-पोलक्याचं वर्णन एका शब्दानेही बदलू नका. तरी क्लोजअपमध्ये फरक कळतोच. शेवटी मी पूर एआयकडून घेतला आणि क्लोजअप आजच्या आजीचे, मोबाइलवर. सांगता सांगता ती मध्येच गप्प होते. फिल्म उभी आहे ती त्या गप्प होण्यावर, आणि ते मला कुठल्याच प्रॉम्प्टमधून मिळालं नाही.

नुसतं ‘वाडा’ लिहिलं तर राजस्थानी हवेली येते. पेठेत जाऊन उरलेल्या वाड्यांचे फोटो काढा, तेच पहिली फ्रेम म्हणून द्या. दुकानांच्या पाट्या कोऱ्या ठेवा, जोडाक्षरं हमखास मोडतात. अक्षरं एडिटमध्ये बसवा.

आता सगळ्यात गंभीर चूक. मी एका क्लिपला कृष्णधवल रंग दिला, वर ओरखडे टाकले. नातेवाइकांच्या ग्रुपवर ती ‘पानशेतचं खरं फुटेज’ म्हणून फिरली. त्या पुरात माणसं गेली, घरं गेली. ज्या शहरात १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय जुनी रिळं जपतंय, तिथे मी खोटा पुरावा तयार केला होता. ओरखडे काढले, रंग परत आणला. पुराच्या प्रत्येक शॉटवर आता ‘एआयने तयार केलेले दृश्य’ ही ओळ आहे, तीही कोपऱ्यात नाही, क्रॉप करून उडवता येणार नाही अशा जागी.