शर्यतीआधी वॉकीटॉकीचे चॅनेल वाटून घ्या
यवतमाळ-वर्ध्याकडे सोयाबीन निघालेल्या वावरात हौशी मोटारशर्यत भरवताना दोन संघ एकाच चॅनेलवर आले, तर नेमकी धोक्याची सूचनाच ड्रायव्हरपर्यंत पोहोचत नाही. म्हणून आदल्या संध्याकाळीच सर्व संघांनी चॅनेल वाटून घेऊन तो तक्ता डॅशबोर्डवर चिकटवावा आणि एक चॅनेल केवळ अपघातासाठी राखावा. त्यावर गप्पा मुळीच नकोत. भारतात 446.0 ते 446.2 मेगाहर्ट्झ हा पट्टा विनापरवाना वापरता येतो, मात्र संच मान्यताप्राप्तच हवेत. प्रायव्हसी टोन (आपला ठरावीक सूर असलेलेच बोलणे ऐकवणारी संचातली सोय) लावला म्हणजे चॅनेल वेगळा झाला, असे समजू नये. टोनमुळे दुसऱ्यांचे बोलणे ऐकू येत नाही एवढेच, दोघे एकाच वेळी बोलले तर संदेश तुटतोच. उभ्या तुरीच्या पिकापलीकडूनही आवाज नीट पोहोचतो का, ते आधी तपासावे.