रात्री पावणेतीनला लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावत नाही तेव्हा

घरात कोणाला रात्री अचानक हॉस्पिटलला न्यायची वेळ येईल त्याची तयारी आजच करायची, तर सगळ्यात आधी घरातली हात असलेली एक प्लास्टिकची खुर्ची हेरून ठेवा, पाय न डगमगणारी, आणि तिच्यासोबत एक जुनी ओढणी किंवा पंचा. हसू नका. आमची लिफ्ट सहा माणसांची, त्यात स्ट्रेचर आडवं जात नाही आणि उभं केलं तर पेशंट घसरतो, हे आम्हाला कधी कळलं तर बाबा घामाने निथळत सोफ्यावर बसलेले आणि अँब्युलन्सवाले दोघे अकराव्या मजल्यावर लिफ्टच्या दारात स्ट्रेचर तिरकं करून करून बघतायत तेव्हा. शेवटी बायकोने किचनमधली खुर्ची ओढत आणली, बाबांना बसवलं, काखेखालून ओढणी घेऊन पाठीमागे गाठ मारली आणि खुर्चीसकट खाली नेलं. दिवाळीत झुंबर पुसायला चढतो ती खुर्ची.

नंतर एकदा शांतपणे हिशोब मांडला. बाबांच्या "गॅस झालाय रे, सोडा दे" यात चाळीस मिनिटं गेली. वॉचमन नवीन, त्याला विंग सापडेना आणि विंगच्या बोर्डावरचा दिवा गेलेला, त्यात सात. लिफ्टपाशी सहा. अँब्युलन्स अठरा मिनिटांत आली होती, आणि पहिल्या हॉस्पिटलात ईसीजी काढून "आमचे कार्डिओलॉजिस्ट सकाळी येतात, दुसरीकडे न्या" हे ऐकेपर्यंत पंचवीस. म्हणजे सिस्टिमची त्रेचाळीस आणि आमच्या घरची त्रेपन्न. सिस्टिमला शिव्या घालायला माझी ना नाही, पण ती काय आपल्या शिव्यांनी सुधारत नाही, आपली त्रेपन्न मात्र आपण कमी करू शकतो, म्हणून ही यादी.

आता आमच्या ठाण्याच्या सिस्टिमबद्दल एकदाच बोलून घेतो. २०११ च्या जनगणनेत ठाणे हा देशातला सगळ्यात जास्त लोकसंख्येचा जिल्हा होता, १ कोटी १० लाख, तेव्हा पालघर वेगळा व्हायचा होता. १०८ ची सेवा २०१४ मध्ये सुरू झाली ती अख्ख्या महाराष्ट्रासाठी ९३७ गाड्यांची, त्यातल्या ॲडव्हान्स म्हणजे व्हेंटिलेटर वगैरे असलेल्या फक्त २३३. कळव्याचं महापालिकेचं हॉस्पिटल ५०० बेडचं, तिथे मुंब्रा-दिव्यापासून शहापूर-मुरबाडपर्यंतचे पेशंट येतात, आणि ठाण्याचं सिव्हिल हॉस्पिटल नवीन बांधायला काढलं तेव्हा तो लोडही बराचसा तिकडेच गेला. ऑगस्ट २०२३ मध्ये तिथे २४ तासांत १८ पेशंट दगावले ती बातमी सगळ्यांनी वाचलीय. तिथल्या सिस्टर आणि रेसिडेंट डॉक्टर एकेका रात्रीत काय उपसतात ते कॅज्युअल्टीत तासभर बसलं की दिसतं, त्यामुळे तिथे जाऊन आवाज चढवण्यात काही अर्थ नाही.

तर पुढचं काम, आणि हे खुर्चीपेक्षा महत्त्वाचं: कुठे जायचं ते आजच ठरवा, पण "जवळचं हॉस्पिटल" असं मोघम ठरवू नका, कारण हार्टसाठी जवळचं वेगळं, स्ट्रोकसाठी म्हणजे लकव्याच्या झटक्यासाठी वेगळं, साप चावला तर अजून वेगळं. एखाद्या रविवारी दुपारी निवांत तीन-चार ठिकाणी फोन लावा आणि रिसेप्शनला "इमर्जन्सी आहे का" असं विचारू नका, ते हो म्हणणारच. असं विचारा: रात्री दोनला कॅथलॅब (हार्टच्या नसांतला अडथळा काढतात ती खोली) चालू असते का आणि कार्डिओलॉजिस्ट घरून यायला किती वेळ लागतो. रात्री सीटी स्कॅन होतो का, करणारा माणूस हजर असतो का. सापाचं इंजेक्शन आत्ता फ्रिजमध्ये आहे का आणि सोबत आयसीयू आहे का. मी फोन केले तेव्हा एका ठिकाणच्या बाईंनी "सर तुम्ही इन्स्पेक्शनवाले आहात का" असं विचारलं, पण उत्तरं दिली. ती उत्तरं कागदावर मोठ्या अक्षरात लिहून फ्रिजवर लावा, मोबाईलमध्ये नको, मोबाईलचा पासवर्ड आईला येत नाही.

रस्ताही ठरवा. ठाण्यातल्या घोडबंदर रोडवाल्यांना सांगायला नको, रात्री रस्ता मोकळा असतो हा समज बाहेरच्यांचा, रात्रीच तर गुजरातकडचे कंटेनर सोडतात आणि गायमुखला काम निघालं की कासारवडवलीपर्यंत लाईन लागते. म्हणून शहराकडे माजिवड्याच्या बाजूला एक हॉस्पिटल आणि आपल्याच बाजूला एक अशी दोन नावं ठेवा. नवी मुंबईतल्या ऐरोली-घणसोलीवाल्यांनी वाशी, नेरूळ आणि ऐरोलीच्या महापालिका हॉस्पिटलांत काय काय होतं ते वेगवेगळं विचारून घ्या, सगळीकडे सगळं नसतं.

नंबर पाठ करा, १०८ अँब्युलन्स, ११२ पोलीस-फायर सगळ्यांसाठी. १०८ च्या गाडीत डॉक्टर असतो आणि पैसे लागत नाहीत. फोनवर आधी ठिकाण सांगा, मग काय झालंय ते, पत्त्यात कॉम्प्लेक्सचं नुसतं नाव पुरत नाही, एकाच बिल्डरचे एकाच नावाचे तीन फेज असतात, तेव्हा गेट कुठलं, समोर काय आहे, विंग, मजला हे सांगा आणि एक माणूस टॉर्च घेऊन गेटवर उभा करा. आमच्या सोसायटीत मीटिंगमध्ये दोन महिने भांडून विंगच्या बोर्डांवर दिवे बसवले, खर्च किती तर तेराशे रुपये, आणि त्यावर चर्चा अडीच तास. अँब्युलन्स वळते त्या कोपऱ्यावर कोणाची एसयूव्ही लागत असेल तर तेही आत्ताच मिटवा.

कागदांची एक प्लास्टिकची फाईल, दारामागच्या खिळ्यावर. त्यात आधार, रेशनकार्ड (मोफत उपचारांच्या महात्मा फुले योजनेसाठी लागतं), इन्शुरन्सचं कार्ड, चालू गोळ्यांची यादी डोससकट, कुठल्या औषधाची ॲलर्जी आहे ते, आणि एक गोष्ट जी कोणी ठेवत नाही ती म्हणजे जुना ईसीजी. दुसऱ्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरने बाबांचा ईसीजी बघितल्यावर पहिला प्रश्न हाच विचारला, "आधीचा आहे का?" नवीन आणि जुना शेजारी ठेवला की काय बदललंय ते लगेच कळतं, नाहीतर जुनाच दोष नवीन वाटू शकतो. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती लाल पेनाने लिहा. आणि पाच-सात हजार रोख ठेवा, बेसमेंटमधल्या बिलिंग काउंटरला रेंज नसते आणि यूपीआय नेमकं तेव्हाच फिरत बसतं.

डिपॉझिटवरून अडवलं तर? इमर्जन्सीत आधी जीव वाचवायचा, बाकीचं नंतर, असं सुप्रीम कोर्टाने १९८९ मध्येच सांगितलंय आणि महाराष्ट्राच्या नर्सिंग होमच्या २०२१ च्या नियमांतही ते आहे. पण पहाटे तीनला काउंटरवरच्या पोराला कायदा शिकवत बसू नका, तो पगारी माणूस आहे. एकाने काउंटरवर "पैसे येतायत" म्हणत उभं राहायचं, दुसऱ्याने सरळ आत जाऊन ड्युटीवरच्या डॉक्टरला म्हणायचं, "आधी स्टेबल करा." ट्रस्टचं हॉस्पिटल असेल तर गरिबांसाठी १० टक्के बेड मोफत आणि १० टक्के सवलतीत ठेवायचे असतात, सोशल वर्करला गाठा, पण ते सकाळचं काम.

आणि "वर न्या" म्हणाले, म्हणजे मुंबईत सायन किंवा केईएम हॉस्पिटलला, तर कागद घेतल्याशिवाय हलू नका. रेफर चिठ्ठी, काढलेल्या ईसीजीची किंवा स्कॅनची कॉपी, कुठलं इंजेक्शन किती वाजता दिलं ते, आणि डॉक्टरलाच हात जोडून सांगा की तिकडे फोन करून बेड आहे का विचारा. नाहीतर मुलुंड ओलांडून गेल्यावर परत तिथेही तेच वाक्य ऐकायचं. आम्ही पहिल्या हॉस्पिटलातून घाईत नुसतेच निघालो, बाबांना तिथे कुठली गोळी चघळायला दिली ते आम्हाला सांगता येईना, परत फोन करावा लागला.

आता घरातल्या माणसांची तयारी. छातीत दाब, घाम, डावा हात किंवा जबडा दुखणं, बायकांना आणि शुगरवाल्यांना कधीकधी नुसतीच धाप आणि मळमळ, असं झालं की सोडा नाही, थेट ईसीजी. ॲस्पिरिन घरी ठेवायची का आणि किती चघळायची हे आपल्या डॉक्टरला आत्ताच विचारून लिहून ठेवा, कारण तोंड वाकडं, हात लुळा, बोलणं अडखळतंय असा प्रकार असेल तर तीच गोळी घात करू शकते, मेंदूत गुठळी आहे का रक्तस्राव आहे ते सीटीशिवाय कळत नाही. त्यात घड्याळ बघा, म्हणजे माणूस शेवटचा ठीक कधी दिसला ती वेळ, गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. माणूस पडला, हाक मारली तरी उठत नाही आणि नीट श्वास घेत नाही, तर १०८ ला फोन स्पीकरवर टाकून छातीच्या मधोमध दाबायला लागा, मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंटीमीटर खोल, दोन मिनिटांनी हात बदलायचा. हे वाचून येत नाही. सोसायटीत एखाद्या डॉक्टरला बोलवून पुतळ्यावर करून बघा, मला वाटलं होतं सोपं असेल, दीड मिनिटात दमलो.

येऊरच्या डोंगराच्या पायथ्याला राहणाऱ्यांनी सापाचं वेगळं लक्षात ठेवा. मण्यार रात्री येते, जमिनीवर झोपलेल्याला चावते, दुखत नाही फारसं, खूणही धड दिसत नाही, पहाटे पोटात दुखतं आणि पापण्या जड होतात, घरचे म्हणतात रात्रीचं खाणं बाधलं. पावसाळ्यात असं झालं तर सरळ हॉस्पिटल. आवळून बांधायचं नाही, कापायचं नाही, चोखायचं तर अजिबातच नाही, हातपाय हलवू द्यायचा नाही, आणि साप पकडून न्यायची गरज नाही, नाग, मण्यार, घोणस, फुरसं चौघांना इंजेक्शन एकच. कुत्रा चावला तर नळाखाली साबणाने १५ मिनिटं घड्याळ लावून धुवा, हळद-मिरची नको, त्याच दिवशी लस, आणि रक्त आलं असेल तर रेबीजचं सीरमही (तयार अँटीबॉडीचं इंजेक्शन) हवं, ते सगळीकडे मिळत नाही म्हणून तेही रविवारच्या फोनमध्ये विचारा. तुंबलेल्या पाण्यातून चालत आलात आणि पायाला जखम आहे तर लेप्टोच्या (उंदरांच्या लघवीतून पाण्यात पसरणारा ताप) गोळीसाठी ७२ तासांच्या आत दवाखाना गाठा. भाजलं तर २० मिनिटं नळाचं पाणी, टूथपेस्ट दातांसाठी असते. उन्हाचं तर खारघरला १६ एप्रिल २०२३ ला काय झालं ते नवी मुंबईकर विसरणार नाहीत, भर उन्हातल्या सरकारी कार्यक्रमात १४ जण गेले, म्हणून दुपारच्या कार्यक्रमाला म्हाताऱ्यांना नेऊच नका, आणि कोणी असंबद्ध बोलायला लागलं तर सावलीत आडवं करून अंगावर पाणी, जोरात पंखा, आणि अँब्युलन्स.

पेटीचं शेवटी, कारण लोक तिथूनच सुरुवात करतात आणि तिथेच थांबतात. ओआरएस, बँडेज, कात्री, टॉर्च, बीपीचं मशीन, शुगरचं मशीन, बस झालं. वर्षातून दोनदा, पाडव्याला आणि दसऱ्याला, तारखा बघायच्या असं मी सगळ्यांना मोठ्या तोंडाने सांगतो. परवा बाबांना चक्कर आली म्हणून शुगर बघायला गेलो तर पट्ट्या मार्चमध्येच एक्सपायर झालेल्या, आणि बाबा सोफ्यावरून विचारतायत, सोडा आहे का घरात.