‘कोसला’ कशी वाचावी

भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ १९६३ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा लेखक पंचविशीत होते आणि कादंबरीचा निवेदक पांडुरंग सांगवीकर हाही पंचवीस वर्षांचाच आहे. खानदेशातल्या खेड्यातून पुण्याला शिकायला जाणे, वसतिगृहात राहणे आणि शिक्षण पदरात न पडता गावी परतणे, एवढेच तिचे कथानक असल्यामुळे गोष्टीच्या ओढीने वाचणारे पुष्कळ वाचक पुस्तक अर्ध्यावर मिटतात. तसे होऊ नये म्हणून पहिल्या वाचनात समीक्षा पूर्णपणे बाजूला ठेवावी. समीक्षक या कादंबरीला अस्तित्ववादाशी, म्हणजे माणसाचे एकटेपण आणि जगण्याची निरर्थकता यांचा विचार करणाऱ्या तत्त्वज्ञानाशी जोडतात; त्याची व्याख्या आधी पाठ केली, की पांडुरंग तिचा नमुना होऊन बसतो आणि त्याचे बोलणे ऐकूच येत नाही.

सुरुवातीची काही पाने मोठ्याने वाचावीत. ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’ हे शब्द तो सतत पेरतो. ते लकब म्हणून सोडून न देता, कोणत्या गोष्टी सरळ बोलणे त्याला जड जाते, याच्या खुणा म्हणून पाहावेत. त्याचा विनोदही खरा आहे. हसू आले तर मोकळेपणाने हसावे, कारण गंभीर कादंबरी म्हणून आवंढा गिळत वाचणाऱ्याच्या हाती पुण्याचा भाग निम्माच लागतो.

वाचताना एका कागदावर पांडुरंग कोणाकोणापासून आणि कशामुळे तुटत गेला, हे टिपत जावे. आरंभी तो माणसांत मिसळायला उत्सुक असतो, पुढाकार घेतो, वडिलांचे पैसे सढळ हाताने उडवतो. त्याचा दुरावा जन्मजात नाही, हे या टिपणातून स्पष्ट होते. वडिलांशी असलेल्या संघर्षाला तर पैशाच्या हिशेबाची धार आहे आणि ती नजरेआड केली, की समीक्षेतला परात्मता, म्हणजे स्वतःपासून आणि इतरांपासून तुटलेपण, हा शब्द पोकळ वाटू लागतो.

धाकटी बहीण मनी देवीच्या रोगाने जाते, तो भाग मात्र एका बैठकीत, मध्ये न उठता वाचावा. तिच्याबरोबर तिचे इवलेसे गर्भाशयही गेले आणि त्यातून पुढे येणारी सगळी जन्ममालिका थांबली, हे बरेच झाले, असा विचार तेथे पांडुरंग करतो. हे क्रौर्य नव्हे. ज्या जगात पोर अशी मरते, त्या जगाला आणखी माणसे द्यायला त्याने दिलेला हा नकार आहे, आणि माझ्या मते संपूर्ण कादंबरीचे तत्त्वचिंतन या एका विचारात एकवटलेले आहे. त्यानंतर येणारे अजिंठ्याचे वर्णन प्रवासवर्णन म्हणून वाचू नये. बुद्धासमोर उभ्या असलेल्या पांडुरंगाच्या मनात मनी आहेच.

रोजनिशीच्या रूपातला भाग विस्कळीत वाटला तरी चाळून पुढे जाऊ नये.

गावी परतल्यावरच्या पानांत आत्मशोधाचा निष्कर्ष एखाद्या वाक्यात सापडेल, अशी अपेक्षा धरू नये. त्याऐवजी गावातल्या रिकामटेकड्या माणसांविषयी तो कोणत्या सुरात बोलतो, ते पाहावे आणि पुण्यातल्या मित्रांविषयीच्या सुराशी ते ताडून पाहावे. समीक्षेचे लेख त्यानंतर काढावेत आणि त्यांतले प्रत्येक विधान आपल्या टिपणाच्या कागदावर तपासून घ्यावे.