रणजीला सही घ्यायला जाताय? मार्कर घरीच चालू करून घ्या

मागच्या मोसमात भाच्याला घेऊन नागपूरजवळच्या जामठ्याला रणजी क्रिकेटचा सामना बघायला गेलो होतो. दिवसाचा खेळ संपल्यावर एक खेळाडू स्वतःहून जाळीपाशी आला, भाच्याच्या हातातला लाल चेंडू घेतला आणि मी दिलेला कोरा करकरीत चंदेरी मार्कर उघडला. मार्कर उमटेना. त्याने हलवला, दाबला, तर शिवणीवर हा मोठा डाग पडला. "दुसरं पेन आहे?" नव्हतं. तेवढ्यात बसकडून हाक आली आणि तो गेला. आमच्या मागे एक मुलगी दुपारपासून वही धरून उभी होती. तिची सही माझ्यामुळे हुकली, आणि ते मला अजून सलतं.

म्हणून आधी मार्कर. लाल चेंडूवर काळं-निळं दिसत नाही, चंदेरी किंवा सोनेरी पेंट मार्करच लागतो, आणि नव्या पेंट मार्करचं टोक कोरडं असतं. टोपण लावून खळखळ आवाज येईपर्यंत हलवा, मग टोपण काढून टोक रद्दीवर दाबत राहा, पूर्ण चंदेरी होईपर्यंत. वर चार ओळी लिहून बघा. हे आदल्या रात्री घरी करायचं, दुकानदाराच्या भरवशावर राहायचं नाही. जोडीला दुसरा मार्कर, तोही चालू केलेला. छोट्या बॅटला काळा पर्मनंट मार्कर. वहीला साधं बॉलपेन चालतं, पण वही कडक पुठ्ठ्याची हवी, कारण सही हवेत धरून होते. मुलाचं नाव लिहून हवं असेल तर ते चिठ्ठीवर ठळक लिहून न्या.

तिरंग्यावर सही मागू नका. राष्ट्रध्वजावर काहीही लिहिणं १९७१ च्या कायद्याने गुन्हा आहे. तुम्ही हौसेने झेंडा पुढे करता आणि नाही म्हणायची वेळ खेळाडूवर येते.

पाणी, टोपी, डबा तुमचं तुम्ही बघा.

वेळेचं मात्र नीट ऐका. खेळ बहुतेक ठिकाणी साडेनऊला सुरू होतो. जेवणाची सुट्टी ४० मिनिटांची, चहाची २०. त्यात त्यांना खायचं असतं, पॅड बांधायचे असतात, तेव्हा अडवू नका. सीमारेषेवरच्या क्षेत्ररक्षकाला तर हाकच मारू नका, त्याची नजर चेंडूवर हवी. बाद होऊन परतणाऱ्याला वाट द्या, बस्स. दिवसाचा खेळ संपल्यावरची वेळ आपली. तेव्हा जाळीपाशी जायच्या आधी मार्कर परत एकदा कागदावर उमटवून बघा. खरंच बघा, उन्हात बसून टोक वाळतं.

हाक मारताना "ए" नको. टीव्हीसमोर आपण सगळ्यांनाच एकेरीत बोलतो, समोर मात्र "सर, एक सही द्याल का?" किंवा सरळ "भाऊ". पाहुण्या संघातल्यांच्याही सह्या घ्या, पण नाव आधी स्कोअरकार्डवर वाचून जा. सही मागून वर "तुमचं नाव काय?" विचारलं की माणसाला लागतं. "उद्या कोण खेळणार?" हेही विचारू नका. तुम्ही सहज विचारता, पण संघाच्या आतल्या गोष्टी बाहेर सांगायला भ्रष्टाचारविरोधी नियमांची बंदी आहे.

एका माणसाची एकच वस्तू. सही किंवा सेल्फी, दोन्ही नाही. लहान मुलांना पुढे करून पाच-पाच कार्डं सही करून घेणारे बघितलेत मी, मागच्यांच्या वाट्याला मग काही उरत नाही. आणि कठडा ओलांडायचा नाही. २०२५ मध्ये दिल्लीत कोहली रणजी खेळत असताना प्रेक्षक मैदानात घुसले. असं झालं की सुरक्षारक्षक सगळ्यांनाच मागे रेटतात.

नंबर आला की टोपण काढलेलं, वहीचं पान उघडलेलं. टोपण काढलेलं! तो तुमच्यासमोर जेमतेम चार-पाच सेकंद असतो.

सही झाली, थँक्यू म्हणा, बाजूला व्हा. चेंडू लगेच खिशात नको, पेंट वाळू द्या. मागच्याकडे चालणारा मार्कर नसेल तर तुमचा द्या.