जानेवारीच्या संगीत महोत्सवाची तयारी: नव्या कार्यकर्त्यांसाठी

या महोत्सवात नागपूरच्या शाळांमधली मुलं आसपासच्या लोककलावंतांबरोबर गातात. आधी तारीख. ती ठरवताना सभागृहापेक्षा शाळांचं वेळापत्रक पुढ्यात घ्या. डिसेंबरात नागपुरात हिवाळी अधिवेशन. त्या दिवसांत विधानभवनाजवळ, सिव्हिल लाइन्सकडे खोली मिळणं मुश्कील, पोलीस बंदोबस्तात आणि मोर्च्यांमुळे पोरांची बस कुठे अडकेल याचा नेम नाही. मग स्नेहसंमेलनं, आणि फेब्रुवारी उजाडला की बोर्डाच्या परीक्षा. उरतो जानेवारीचा मधला पंधरवडा. सभागृह आपल्या आवाक्यातलं घ्या. रेशीमबागेतल्या कविवर्य सुरेश भट सभागृहात जवळपास २००० खुर्च्या आहेत. श्रोते पाचशेच असतील तर समोरचा रिकामा अंधार बघून पोरांचा आवाज बसतो.

कलावंतांशी बोलणी मात्र गणपतीतच सुरू करा. भाऊबीजेपासून झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, मंडई (गावजत्रा) आणि नाटकांचा हंगाम लागतो, त्यात वडसा-ब्रह्मपुरीकडची माणसं ऐनवेळी हाती लागत नाहीत. झाडीची दंडार (लोकनाट्य), मेळघाटातल्या कोरकू आदिवासींचा गादुली-सुसून नाच, छत्तीसगढचं पंथी नृत्य, तेलंगणातला डप्पू (हलगीसारखं चामड्याचं वाद्य), ताजबागेच्या दर्ग्यातली कव्वाली, हे सगळं नागपूरच्या अवतीभवती आहे. संस्कृती जोडायच्या म्हणून विमानाची तिकिटं काढायच्या आधी या शेजाऱ्यांना विचारावं, असं माझं ठाम मत आहे. पथकात माणसं किती, बायका किती, कुणाला औषधं चालू आहेत का, हे फोनवरच लिहून घ्या. मानधनाचा आकडा तेव्हाच सांगा. पैसे म्होरक्याच्या एकट्याच्या खात्यात न टाकता प्रत्येकाच्या खात्यात जावेत, म्हणून पासबुकाच्या झेरॉक्स आधीच मागवा. ‘तुम्हाला मोठा मंच मिळतोय’ हे वाक्य मानधनाच्या जागी कुणीही वापरू नये.

संध्याकाळच्या कार्यक्रमाइतकाच, खरं तर त्याहून जास्त जीव सकाळच्या कार्यशाळांत घाला. मंचावर एकत्र येण्याआधी मुलं आणि पाहुणे निदान तीनदा एका सतरंजीवर बसलेले हवेत, नाहीतर मागे पोरं टाळ्या वाजवतात आणि पुढे कलावंत गातो, एवढंच होतं. एका गटात पंचवीस-तीसच मुलं ठेवा. पट्टीचं, म्हणजे पेटीच्या कुठल्या सुरात गायचं ते, आधीच बघा. आठवी-नववीच्या मुलांचा आवाज फुटत असतो. काळी चारमध्ये मुली आरामात गातात, तिथे ही पोरं किंचाळतात आणि मग लाजून गप्प बसतात. त्यांना काळी एकला आणा किंवा त्यांच्या ओळी वेगळ्या करा. गाणं येत नाही म्हणून कायमचं टाळ धरायला बसवू नका.

कोरकू किंवा गोंडी गाण्याचे शब्द देवनागरीत लिहून काढा आणि ते पथकाकडूनच तपासून घ्या. कुठलं गाणं देवाचं, कुठलं मर्तिकाचं, कुठलं मुलांना शिकवायला हरकत नाही, हे विचारा. नाही म्हणाले तर विषय तिथेच संपला. मोबाईलवर रेकॉर्डिंग करण्याआधीसुद्धा विचारायचं.

हलगी आणि डप्पूवाल्यांना आगटी लागते, आणि हे दरवर्षी कुणीतरी विसरतं. जानेवारीच्या गारठ्यात चामडं सैल पडतं. मग वाजवणारे काटक्या-कागद पेटवून वाद्य आचेवर फिरवतात, बोटाने टिचकी मारतात, पुन्हा फिरवतात, आवाज टणक होईपर्यंत. सभागृहाच्या आत आग चालणार नाही. मागच्या अंगणातली जागा व्यवस्थापकांकडून लेखी मागून घ्या, शेगडी, वाळूची बादली आणि पाणी ठेवा, आणि मंचावर जाण्याआधीची पंधरा मिनिटं त्यांच्या नावाने राखून ठेवा. सूत्रसंचालकाला हे सांगितलेलं असावं, नाहीतर तो नाव पुकारून मोकळा होतो.

कागदपत्रं थोडक्यात. ध्वनिक्षेपकाचा परवाना पोलीस ठाण्यातून. सन २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ भोंगा बंद, म्हणून खुल्या मैदानातला कार्यक्रम साडेनऊलाच आवरता घ्या. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्या १०० मीटरच्या आतली जागा नको. सिनेमाची गाणी असतील तर हक्कांचा परवाना काढा. परदेशी देणगी एफसीआरए (विदेशी देणग्यांचा कायदा) खालच्या नोंदणीशिवाय किंवा पूर्वपरवानगीशिवाय घेता येत नाही आणि ती फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या ठरलेल्या खात्यातच येते. हौशीने कुणी इथल्या खात्यात पैसे पाठवतो म्हणाला तर हात जोडा.

मुलांसाठी पालकांचं संमतीपत्र, फोटोची परवानगी वेगळी. प्रत्येक गटाबरोबर दोन मोठी माणसं, त्यातली एक बाई. मेट्रोने येणाऱ्यांना सीताबर्डीला कोण भेटणार आणि रात्री घरी कोण सोडणार, हे नावानिशी लिहा. नाश्त्याला पोहे, तर्री वेगळ्या भांड्यात. आणि पाहुण्यांना पहिल्याच रात्री झणझणीत सावजी जेवायला नेऊ नका, दुसऱ्या दिवशी त्यांना गायचं आहे! मेळघाटची मंडळी परत निघतील ती सकाळी, घाटातून रात्रीचा प्रवास नको.

महोत्सवासाठी घेतलेल्या ढोलक्या आणि पेटी संस्थेच्या गोदामात परत येणार नाहीत, त्या शाळांकडे जातील. कुठल्या शाळेत काय गेलं त्याची नोंद ठेवा, कपाटाची किल्ली संगीत शिक्षकांकडे द्या, आणि फेब्रुवारीतल्या पहिल्या शनिवारचा संगीताचा तास आत्ताच ठरवा. दहावीच्या मुलांना तेवढा तास माफ.