रजिस्टरात ‘सर्व ओके’ आणि गाडी घाटात उभी : ट्रकच्या रोजच्या तपासणीत या चुका टाळा

कळंबोलीच्या आमच्या यार्डातून गाड्या पहाटे पाचपासून सुटतात. तपासणीचं रजिस्टर माझ्या टेबलावर येतं साडेनऊला. त्यात एकदा मला ३१ सप्टेंबरची नोंद सापडली. हवा ओके, ब्रेक ओके, लाईट ओके, खाली झोकदार सही. महिनाअखेरीला बसून एका दमात पानं भरली की सप्टेंबरलाही एकतिसावा दिवस फुटतो. तो ड्रायव्हर कामाला वाईट नव्हता. त्याचं म्हणणं एवढंच, “साहेब, गाडी मी बघतोच की. लिहायचं काय त्यात?”

लिहिण्याचं नंतर बोलू. आधी बघण्यातच काय चुकतं ते.

आधी किल्ली फिरवणं

सकाळी आले, स्टार्टर मारला, ब्रेकच्या टाकीत हवा भरेपर्यंत चहा (ट्रकचा ब्रेक हवेच्या दाबावर चालतो). इथेच निम्मी तपासणी बुडते. रात्रभर उभ्या गाडीखालची जमीन पुष्कळ काही सांगते, पण गाडी हलली की ते गेलं. काळा डाग म्हणजे बहुधा इंजिन ऑईल, रंगीत पाणी म्हणजे कूलंट. चाकाच्या आतल्या बाजूला ओलसर चकाकी दिसली तर हबचं, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाचं, सील गेलंय असं समजा. ते तेल लायनरवर, म्हणजे ब्रेकच्या घासणाऱ्या अस्तरावर, उतरलं की त्या चाकाचा ब्रेक असून नसल्यासारखा. ऑईलची काडी, रेडिएटरचं पाणी, टायरची हवा हे सगळं इंजिन थंड असतानाच बघायचं. गरम रेडिएटरचं झाकण उघडून हात पोळलेले दोन किन्नर (ड्रायव्हरचे मदतनीस, क्लीनर) मी स्वतः दवाखान्यात नेलेत.

टायरला लाथ

लाथ किंवा टॉमी (लोखंडी पहार) मारून आवाज ऐकायची विद्या खोटी नाही. पूर्ण बसलेला टायर त्यात कळतो. पण १२० पीएसआयच्या जागी ९० हवा असली तर आवाजावरून जुन्या उस्तादालाही छातीठोक सांगता येणार नाही. मागच्या जोडीतला आतला टायर तर बाहेरून दिसतच नाही. त्यात हवा कमी पडली की सगळा भार बाहेरच्यावर येतो, तो तापतो आणि भर दुपारी हायवेला फुटतो. मग सगळे म्हणतात टायर कंपनी भिकार.

म्हणून गेज लावा, आतल्या टायरलाही. वाकायचा कंटाळा येत असेल तर आतल्या टायरला व्हॉल्व्हची लांब नळी बसवून घ्या, खर्च किरकोळ आहे. धावून तापलेल्या टायरमध्ये आकडा वाढलेला दिसतोच, तो बघून हवा सोडू नका. थंड झाल्यावर टायर कमी हवेवर बसतो आणि उद्या आणखी तापतो. नक्षी १.६ मिलिमीटरच्या खाली गेली की टायर कायद्यानेही बाद. मोजायला काही नसेल तर नक्षीच्या खाचेत रबराचे छोटे उंचवटे असतात, टायर झिजून त्यांच्या पातळीला आला का तेवढं बघा. दोन टायरच्या मध्ये अडकलेला दगड लगेच काढा. वेगात तो सुटला तर मागच्या गाडीच्या काचेवर जातो.

हवेचा काटा बघून समाधान

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो, म्हणून जरा थांबून सांगतो. ब्रेकच्या हवेचा काटा आठ किलोवर (हा दाब किलोत मोजतात) आला म्हणजे हवा भरली, एवढंच कळलं. ती टिकते का, हे वेगळं बघावं लागतं. सपाट जागा बघा, चाकांना ठोकळे लावा, हवा पूर्ण भरून इंजिन बंद करा आणि पार्किंग ब्रेक सोडा. ब्रेकचं पेडल दाबून धरा. काटा एकदा थोडा उतरेल, ते चालायचंच. त्यानंतर पूर्ण एक मिनिट पाय तसाच ठेवायचा. त्या मिनिटात काटा पाव किलोपेक्षा जास्त उतरला तर गळती आहे. किन्नरला खाली फिरवा, फुस्स आवाज कुठून येतो ते तो सांगेल. नळीच्या जोडावर साबणाचं पाणी टाकलं की बुडबुडा जागा दाखवतो.

मग पेडल दाबत-सोडत हवा खाली आणा. हवा धोक्याच्या पातळीला यायच्या आधी बझर वाजलाच पाहिजे. आमच्याकडे एका गाडीत बझरची वायरच काढून ठेवलेली निघाली. का, तर “झोपेत त्रास होतो.”

हवेच्या टाकीखालची कडी ओढून साठलेलं पाणी रोज काढा. ड्रायर (हवेतली ओल शोषणारा भाग) असलेल्या गाडीत पाणी निघायलाच नको. निघालं तर ड्रायरची डबी संपली. पाण्याऐवजी दुधासारखा चिकट फेस आला तर हवा भरणारा कॉम्प्रेसर तेल फेकतोय. त्याला नुसती कडी ओढून भागणार नाही, फिटरला बोलवा.

आता घाटाचं. यार्डात ब्रेक लागला म्हणून पुण्याहून येताना बोरघाटात लागेल, असं धरून चालू नका. लांब उतारावर ड्रम (चाकाबरोबर फिरणारा, लायनर ज्याला आतून टेकतो तो) तापतो आणि फुगतो, म्हणजे लायनरपासून लांब जातो. ब्रेकची ॲडजस्टमेंट आधीच ढिली असेल तर पुशरॉड (हवेच्या दाबाने ब्रेक लावणारा दांडा) पूर्ण बाहेर येऊनही लायनर नीट टेकत नाही. सपाटीवर हा दोष लपून राहतो. त्यात गाडी न्यूट्रलला टाकून डिझेल वाचवणारा वीर असेल तर इंजिनाचा आधारही गेला. ऑटो स्लॅक (लायनर झिजला तशी ब्रेकची ढिलाई आपोआप काढणारा भाग) असलेल्या गाडीत आणखी एक चूक होते : ब्रेक ढिला वाटला की पाना लावून हातानेच आवळायचा. दोन दिवस बरं वाटतं. पण ऑटो स्लॅक आपोआप आवळला जात नसेल तर तो स्लॅक तरी खराब आहे, नाहीतर ब्रेकमध्ये दुसरं काहीतरी बिघडलंय. हाताने आवळून आपण फक्त खूण पुसतो.

नटाचा गंज

चाकाच्या नटापासून बाहेर गंजाची तांबूस रेघ निघाली असेल तर तो नट ढिला असण्याची शक्यता मोठी. लांबून ती शोभेची वाटते. एक नट ढिला सापडला तर सगळे बघा. बोल्ट तुटलेला असेल तर शेजारच्यांवर आधीच जादा ताण पडून गेलाय. चाक काढून बसवलं की पन्नास ते शंभर किलोमीटरवर थांबून पुन्हा आवळायचं. हे सगळ्यांना माहीत असतं, पण थांबतो एखादाच.

लाईटचं थोडक्यात सांगतो. किन्नर नसेल तर गाडी भिंतीकडे पाठ करून लावा, ब्रेक लाईट भिंतीवर दिसते. रेडियमच्या पट्ट्या पुढे पांढऱ्या, बाजूला पिवळ्या, मागे लाल. त्या असतात, पण चिखलाखाली. फडकं मारा. ताडपत्रीचा लोंबता दोर मागचा दिवा झाकतो, तेही बघा.

आणि लिहिणं

‘ब्रेकचा प्रॉब्लेम’ ही नोंद फिटरच्या काही कामाची नाही. ‘मागचं डावं चाक, पेडल दाबल्यावर फुस्स, मिनिटाला अर्धा किलो’ असं लिहिलं की तो थेट त्या चाकापाशी जातो. ‘ओके’ऐवजी आकडा लिहा : हवा ११५, आतला डावा १०५. आकडे चार दिवस उतरताना दिसले की टायर फुटायच्या आधीच पंक्चर सापडतं. ‘ओके’ चार दिवस ‘ओके’च राहतं.

दोषाखाली तीन सह्या हव्यात : ज्याने लिहिला त्याची, ज्याने दुरुस्त केला त्याची, आणि गाडी पुढे नेणाऱ्याने वाचून केलेली. तिसरी आपल्याकडे कुणीच करत नाही. अमेरिकेत मालवाहू ट्रकला दोष नसेल तर रोजचा अहवाल भरायची सक्ती डिसेंबर २०१४ मध्ये काढून टाकली. दोष असेल तर मात्र लिहायचा, दुरुस्तीची नोंद करायची आणि पुढच्या ड्रायव्हरने ती बघून सही करायची, हे कायम आहे. मला हे पटतं. कोऱ्या ‘ओके’च्या ढिगात खरी तक्रार हरवते.

पण खरं सांगायचं तर रजिस्टर खोटं व्हायला ड्रायव्हरपेक्षा आम्ही ऑफिसवाले जास्त कारण आहोत. दोष लिहिला की गाडी उभी राहते, गाडी उभी राहिली की त्याचा ट्रिप भत्ता बुडतो, वर शेठच्या शिव्या. कोण लिहील? आम्ही आता लिहिलेल्या दोषासाठी गाडी थांबली तर त्या दिवसाचा भत्ता देतो. पहिल्या आठवड्यात तक्रारींचा पाऊस पडला. त्यातल्या बऱ्याच महिन्यांपूर्वीच्या होत्या.

कायदाही बघून ठेवा. मोटार वाहन कायद्याचं कलम १९० म्हणतं की धोकादायक दोष तुम्हाला माहीत होता, किंवा साधी काळजी घेतली असती तर कळला असता, तरी तुम्ही जबाबदार. २०१९ च्या दुरुस्तीनंतर दंड १,५०० रुपयांपर्यंत. त्या दोषामुळे अपघात होऊन कुणाला इजा झाली किंवा नुकसान झालं तर तीन महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही. गाडी चालवणारा आणि ती रस्त्यावर पाठवणारा, दोघेही यात येतात.

शेवटची चूक साधी आहे : रजिस्टर ऑफिसात आणि गाडी सोलापुरात. बदली ड्रायव्हर चढला तर त्याला कालची नोंद दिसणार कुठून? कार्बन लावून दोन प्रती करा, एक केबिनमध्ये क्लिपला. आमच्या ३१ सप्टेंबरवाल्याने परवा त्याच प्रतीवर लिहून ठेवलं होतं : ‘स्टेपनी आहे, हवा नाही.’